रेकॉर्ड परत आल्या आहेत का, आणि नागपुरात त्यांचे पुढे काय?

प्रश्न असा आहे: ‘वडिलांच्या पश्चात घरात तीन-साडेतीनशे रेकॉर्ड आणि बंद पडलेला एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आहे. रेकॉर्डना पुन्हा चांगले दिवस आले असे ऐकतो. हे टिकणारे आहे का? संग्रह ठेवावा की विकावा? आणि नागपुरात या विषयाचे लहानसे दुकान चालेल का?’

माझे मत आधी सांगतो, कारणे मागून देतो. रेकॉर्डचे पुनरागमन खरे आहे, ते पुढेही बरीच वर्षे टिकेल, पण ते लहानच राहील. नागपुरासारख्या शहरात तर नव्या रेकॉर्ड किती छापल्या जातात याला फारसे महत्त्व नाही. घरोघरी पडून असलेल्या जुन्या रेकॉर्ड वाजत्या ठेवणारे हात येथे उरतात का, यावर सगळे अवलंबून आहे. मी या शहरात बरीच वर्षे टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्राची, दुरुस्ती, रेकॉर्डची स्वच्छता आणि त्यांचे डिजिटल रूपांतर ही कामे करतो, त्यामुळे माझे उत्तर दुरुस्तीच्या टेबलावरून दिसते तसे असेल.

वर्तमानपत्रांत येणारे आकडे बहुतेक अमेरिकेचे असतात आणि ते खोटे नाहीत. तेथे 2022 मध्ये सुमारे 4 कोटी 10 लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी 3 कोटी 30 लाख. संख्येने रेकॉर्ड सीडीच्या पुढे जाण्याची 1987 नंतरची ती पहिली वेळ होती. 2023 मध्ये हा आकडा 4 कोटी 30 लाखांच्या घरात गेला आणि रेकॉर्डपासूनचे उत्पन्न 140 कोटी डॉलरच्या आसपास पोहोचले. 2007 पासूनची वाढ सलग आहे, म्हणून याला चार दिवसांची हौस म्हणता येत नाही. मात्र त्याच देशात 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला सुमारे 34 कोटी एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्ड, विकल्या जात होत्या आणि आज तेथील संगीत-उद्योगाचे सुमारे 84 टक्के उत्पन्न इंटरनेटवरून ऐकल्या जाणाऱ्या संगीतातून येते, हेही त्यांच्या शेजारी मांडून पाहिले पाहिजे. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, ल्युमिनेट या संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार अमेरिकेत रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांकडेच टर्नटेबल होते. उरलेल्यांनी ती वस्तू आवडत्या गायकाची आठवण म्हणून, मोठ्या कव्हरसाठी किंवा भिंतीवर लावण्यासाठी घेतली. त्यात गैर काही नाही, पण अशी खरेदी वारा बदलला की थांबते. ज्याच्या घरी रेकॉर्ड फिरते, ज्याला सुई बदलावी लागते, बेल्ट घालावा लागतो, तोच ग्राहक या व्यवहाराचा कणा आहे. म्हणून पुनरागमनाची लांबी मोजायची असेल तर मी विकल्या जाणाऱ्या रेकॉर्डपेक्षा विकल्या जाणाऱ्या सुयांकडे पाहतो.

दुसरी मर्यादा कारखान्याची आहे. रेकॉर्ड तयार करताना प्रथम अॅल्युमिनियमच्या चकतीवर चढवलेल्या मऊ लॅकरच्या थरात कटिंग लेथ हे यंत्र चर कोरते. त्यावर चांदीचा सूक्ष्म थर देऊन निकेल चढवतात, निकेलची प्रत सोलून काढतात, तिच्यावरून दुसरी प्रत घेतात आणि शेवटी ज्याने रेकॉर्ड दाबायच्या तो साचा, म्हणजे स्टँपर, तयार होतो. एका स्टँपरमधून साधारण हजार-दीड हजार चांगल्या प्रती निघतात. मग त्याचे कंगोरे बोथट होऊ लागतात. यातील प्रत्येक पायरीला हाताची सवय आणि कान लागतो. कटिंग लेथ बनवणे 1980 च्या दशकातच थांबले, त्यामुळे आज जगभर जी यंत्रे चालू आहेत ती बहुतांशी जुनी आणि पुन्हा-पुन्हा दुरुस्त केलेली आहेत. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातील अपोलो मास्टर्स हा लॅकर-चकत्या बनवणारा कारखाना आगीत गेला, तेव्हा जगात अशा चकत्या देणारा जपानमधील एकच मोठा कारखाना उरला होता. पुढे कोरोनाच्या काळात मागणी वाढली आणि छपाईची रांग कित्येक महिन्यांवर गेली. छपाईची नवी यंत्रे गेल्या दहाएक वर्षांत कॅनडा आणि जर्मनीत बनू लागली, म्हणून ती रांग ओसरली. पण ही साखळी अजून नाजूक आहे आणि म्हणूनच नव्या रेकॉर्डची किंमत फार खाली येण्याची शक्यता मला दिसत नाही.

भारताचा प्रवास या बाबतीत वळसा घेऊन पुन्हा त्याच ठिकाणी येतो. 1902 मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले तेव्हा छपाईसाठी मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हरला पाठवावी लागत आणि तयार रेकॉर्ड जहाजाने परत येत. 1908 मध्ये सियालदह येथे कारखाना निघाला, पुढे तो डमडमला गेला आणि अनेक दशके या देशाचे जवळजवळ सगळे संगीत तेथून बाहेर पडत राहिले. 1980 च्या दशकात कॅसेटने आणि नंतर सीडीने ते काम संपवले. पुनरागमनाच्या काळात हिंदी चित्रपटांच्या जुन्या एलपी पुन्हा निघाल्या, तेव्हा कच्चे ध्वनिमुद्रण आपले आणि छपाई युरोपातली, अशीच स्थिती पुन्हा आली. आता मुंबईत रेकॉर्ड छापण्याचा कारखाना पुन्हा उभा राहिला आहे, ही या सगळ्यातली मला सर्वांत आशादायक वाटणारी घटना आहे, कारण पाचशे-हजार प्रतींची छोटी आवृत्ती परदेशी छापून आणणे एखाद्या मराठी निर्मात्याला कधीच परवडले नसते. तरीही सध्याचे चित्र स्पष्ट आहे: पुनर्मुद्रणात वाटा हिंदी चित्रपटगीतांचा आहे, काही शास्त्रीय संगीताचा आहे, आणि भावगीत, नाट्यसंगीत, लावणी, कीर्तन, विनोदी कथाकथन यांपैकी फारच थोडे परत आले आहे. मराठी ऐकणाऱ्यासाठी रेकॉर्डचे भवितव्य अजून तरी जुन्या रेकॉर्डमध्येच आहे, म्हणजे आपल्या घरातल्यासारख्या संग्रहांत.

यात विदर्भाचा एक धागा आहे आणि तो मला प्रिय आहे. मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी, जड, हातातून पडली की फुटणारी तबकडी ही प्लॅस्टिकची नसते. चपडा लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून ती बनते, आणि ही लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यापासून मिळते. जगाला लाख पुरवण्यात भारताचा वाटा मोठा होता, आणि आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांत आजही लाखेचे उत्पादन होते. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने 33⅓ फेऱ्यांची व्हिनाइलची एलपी आणली आणि पुढच्याच वर्षी आरसीए व्हिक्टरने 45 फेऱ्यांची लहान रेकॉर्ड आणली. तरी भारतात लाखेच्या तबकड्या 1960 च्या दशकातही निघत राहिल्या. त्यामुळे आपल्या संग्रहात दोन्ही जाती असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यांना वेगवेगळे वागवावे लागते हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावे.

आवाजाबद्दल मी सरळ बोलतो. मोजमापाच्या कसोटीवर सीडी रेकॉर्डपेक्षा सरस आहे. सीडीचा सर्वांत हलका आणि सर्वांत मोठा आवाज यांतील पल्ला 96 डेसिबल आहे, उत्तम छापलेल्या रेकॉर्डचा 60 ते 70 च्या दरम्यान असतो. शिवाय एलपी एकाच गतीने फिरत असली तरी सुईखालून सरकणाऱ्या चराचा वेग सारखा नसतो: बाहेरच्या कडेला तो सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर असतो आणि लेबलाजवळ 21 पर्यंत उतरतो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फुटलेले ऐकू येतात. बडा ख्याल, त्यानंतर द्रुत आणि शेवटी तराणा असा क्रम एका बाजूला असेल तर नेमका जलद तानांचा भाग सर्वांत अवघड जागी येतो. हे सर्व ठाऊक असूनही मी रेकॉर्ड लावतो, कारण 1960 आणि 70 च्या दशकांतली अनेक मुद्रणे एलपीसाठी ज्यांनी तयार केली त्यांचा कान उत्तम होता, आणि त्याच मुद्रणांच्या नंतरच्या कॅसेट-सीडी आवृत्त्यांत खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची झार आणि तबल्याच्या चाटेचा जीवही निघून गेला. अशा मुद्रणांची जुनी एलपी आजही सर्वांत खरी प्रत आहे. नव्या पुनर्मुद्रणांना मात्र हा नियम आपोआप लागू होत नाही. त्यातल्या पुष्कळ डिजिटल प्रतीवरून कोरलेल्या असतात. 2022 मध्ये तर ‘मूळ फितीवरून’ म्हणून ख्याती मिळवलेल्या एका अमेरिकी कंपनीच्या अनेक आवृत्त्यांतही डिजिटल टप्पा होता हे उघड झाले. डिजिटल टप्पा असल्याने रेकॉर्ड वाईट ठरत नाही, पण त्यासाठी जास्तीची किंमत देऊ नये. 180 ग्रॅम वजनाचेही तसेच आहे. जाड रेकॉर्ड हाताला बरी लागते आणि सपाट राहण्यास थोडी मदत होते. आवाज चांगला असेल तर तो कोरणाऱ्याचा असतो, वजनाचा नाही.

आता आपल्या संग्रहाकडे येऊ. विकण्याचा निर्णय आज घेऊ नका आणि सगळा गठ्ठा तर कोणालाच देऊ नका. इतवारीत किंवा दारावर येणाऱ्या कबाड्याकडे गेलेला संग्रह दुसऱ्या दिवशी फुटतो: चांगल्या कव्हरच्या हिंदी एलपी मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि लाखेच्या तबकड्या कुठेच जात नाहीत. लोकांना वाटते की गाजलेल्या चित्रपटाची रेकॉर्ड मौल्यवान असते. वास्तविक तिच्या हजारो प्रती निघालेल्या असतात आणि अगदी स्वच्छ नसेल तर तिला काही शे रुपयांपलीकडे किंमत नसते. याउलट छोट्या प्रादेशिक कंपन्यांच्या, कमी प्रती निघालेल्या, पुन्हा कधीही कोणत्याही रूपात न आलेल्या रेकॉर्ड किमतीत कमी असल्या तरी हरवल्यास भरून न निघणाऱ्या असतात. नागपुरात त्या सापडण्याचे कारण इतिहासात आहे. 1956 पर्यंत हे शहर राजधानी होते, रेल्वेचे मोठे जंक्शन होते, 1948 पासून येथे आकाशवाणी केंद्र आहे, सरकारी कार्यालयांमुळे आणि रेल्वेमुळे बंगाली, हिंदी भाषक, दक्षिणी कुटुंबे येथे स्थायिक झाली. धंतोली, महाल, सदर, धरमपेठ येथील जुन्या घरांतून निघणाऱ्या एकाच पेटीत नाट्यपदे, रवींद्रसंगीत, कव्वाली आणि कर्नाटक संगीत शेजारी-शेजारी असते. ज्या शहरात वसंतराव देशपांडे लहानाचे मोठे झाले आणि गाणे शिकले, त्या शहरातल्या श्रोत्यांनी काय विकत घेतले, याची नोंद अशा पेट्यांखेरीज दुसरीकडे नाही.

म्हणून आधी यादी करा. लेबलावरचा क्रमांक, कंपनी, गायक आणि गाणे तर लिहाच, शिवाय लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे आणि अक्षरेही उतरवा. छपाई कोणत्या साच्यातून झाली हे त्यावरून कळते. रेकॉर्ड एकाच दिव्याखाली तिरपी धरून पाहा, समोरून पाहिल्यास ओरखडे दिसत नाहीत. वडिलांनी कव्हरवर खरेदीची तारीख किंवा दुकानाचे नाव लिहिले असेल तर ते पुसू नका, व्यापारी त्याला दोष म्हणोत. लाखेच्या तबकड्यांबाबत शंका आली तर मुंबईत 1990 पासून काम करणाऱ्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या जाणकारांचे लेखन पाहावे. या विषयावर इतके निष्ठेने केलेले काम देशात विरळा आहे.

साठवणीबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण पुस्तकांतला सल्ला थंड देशांसाठी लिहिलेला असतो आणि नागपुरात तो अपुरा पडतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचे तापमान 45-46 अंशांवर जाते. व्हिनाइलची रेकॉर्ड 60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागते, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत किंवा थेट स्लॅबखालच्या माळ्यावर त्याच्या जवळपास पोहोचायला वेळ लागत नाही. मऊ झालेली रेकॉर्ड आडव्या ढिगात असेल तर तिला कायमचा बाक येतो. म्हणून रेकॉर्ड नेहमी उभ्या, घट्टही नाही आणि सैलही नाही अशा, खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात. पश्चिमेची भिंत तर पूर्ण वर्ज्य समजावी.

उन्हापेक्षाही मोठा शत्रू मी कुलरला मानतो. उन्हाळ्याचे तीन-चार महिने आपली घरे कुलरवर चालतात. त्याच्या वाऱ्याबरोबर ओलावा तर येतोच, शिवाय बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार आणि वाळ्याच्या किंवा लाकडी गवताच्या ताट्यांची धूळ बारीक कणांच्या रूपाने खोलीभर बसते. हे कण चरात जातात, पावसाळ्यातल्या दमटपणात घट्ट होतात आणि पुढे सुईखाली सतत तडतड करतात. अशी तडतड ऐकून लोक रेकॉर्ड घासली गेली असे ठरवतात. प्रत्यक्षात नीट धुतल्यावर त्यातल्या कितीतरी शांत वाजतात. कुलरच्या झोतासमोर संग्रह ठेवू नये, टर्नटेबलवर झाकण असावे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा कपाट उघडून कव्हरांना बुरशी, कसर आणि वाळवी लागली नाही ना हे पाहावे. कागदी आतल्या पिशव्या पिवळ्या आणि खरखरीत झाल्या असतील तर त्या बदलाव्यात, मूळ छापील असतील तर वेगळ्या जपून ठेवाव्यात.

धुण्यासाठी नळाचे पाणी वापरू नका. त्यातले क्षार वाळल्यावर पुन्हा चरातच बसतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात रंग-सुगंध नसलेल्या द्रवरूप साबणाचे दोन-चार थेंब टाका, लेबल कोरडे ठेवून मऊ मखमली कापडाने चराच्या दिशेने, गोलाकार पुसा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा पुसून सावलीत उभी वाळवा. व्हिनाइलवर चिकट डाग असतील तर काही जण पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळतात आणि ते चालते. लाखेच्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा स्पर्शही होऊ देऊ नका, कारण लाख त्यात विरघळते. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात, तीच क्रिया आपल्या तबकडीवर होईल. या एका गोष्टीने नष्ट झालेल्या तबकड्या माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्यासाठी काहीच करता येत नाही, म्हणून हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

फिएस्टाविषयी. त्याची मोटर बहुधा ठीक असेल. वंगण वाळून चिकट झालेले असते, ते काढून शिलाई यंत्राचे तेल दिले की ती फिरते. ताटलीला गती देणारे रबरी चाक कडक होते आणि गाणे लहरत ऐकू येते. ते नव्याने घडवून घेता येते. अॅम्प्लिफायरमधले जुने कपॅसिटर बदलावेत. खरी अडचण कार्ट्रिजची, म्हणजे सुई धरून तिच्या कंपनांचे विजेत रूपांतर करणाऱ्या भागाची, आहे. त्या काळातल्या पुष्कळ क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट वापरलेले असे. हा पदार्थ दमटपणाने झिजतो आणि 55 अंशांवर कायमचा निकामी होतो, त्यामुळे माळ्यावर पडून राहिलेल्या यंत्रांत तो क्वचितच जिवंत सापडतो. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसते. असे यंत्र आठवण म्हणून आणि घासलेल्या रेकॉर्डसाठी जरूर चालू करा, पण चांगल्या एलपी त्यावर वाजवू नका. त्याच्या सुईचा दाब चार-सहा ग्रॅम असतो, तर चांगल्या चुंबकीय कार्ट्रिजचा दीड ते दोन ग्रॅम. सध्या सुटकेसच्या आकाराची जी स्वस्त नवी यंत्रे विकली जातात, त्यांतही बहुधा अशीच जड सिरॅमिक कार्ट्रिज असते. भेट म्हणून मिळाले तरी संग्रहासाठी ते वापरू नये.

एलपींसाठी वजन जुळवता येणारा टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, आणि सुई बदलता येणारे चुंबकीय कार्ट्रिज असलेले साधे टर्नटेबल पुरेसे आहे. त्यासोबत फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतो, कारण असे कार्ट्रिज जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट देते आणि कोरताना खर्ज कमी व तार वाढवून घेतलेला असतो, तो परत सरळ करावा लागतो. लाखेच्या तबकडीला वेगळी सुई हवी. एलपीच्या सुईचे टोक सुमारे 18 मायक्रॉन त्रिज्येचे असते, 78 च्या रुंद चराला 65 ते 75 मायक्रॉनचे लागते. बारीक सुई तिथे तळाला घासत जाते आणि फक्त कचरा वाचते. चावीच्या ग्रामोफोनवर पोलादी सुई दर बाजूला नवी लावायची असते, आणि त्यावर एलपी कधीही ठेवायची नसते. अमेरिकेतून कोणी जुने टर्नटेबल आणणार असेल तर केवळ व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही. ज्या यंत्राची मोटर विजेच्या आवर्तनांवर चालते, ते 60 ऐवजी आपल्या 50 हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरते आणि गायक खालच्या पट्टीत गाऊ लागतो. गती तपासण्याची रेघांची चकती छापून घेता येते. 50 हर्ट्झच्या दिव्याखाली 33⅓ साठी 180 रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. मात्र अनेक एलईडी दिवे तसे लुकलुकत नाहीत, त्यामुळे जुना निऑनचा लहान दिवा जवळ ठेवावा.

दुकानाबद्दल आपण विचारले आहे. केवळ नव्या रेकॉर्ड विकणारे दुकान नागपुरात भाडे काढू शकेल असे मला वाटत नाही. दीड-दोन हजारांच्या पुढची वस्तू घेणारा ग्राहक येथे आहे, पण तो थोडा आहे आणि त्याला घरबसल्या मागवता येते. जे मागवता येत नाही ते म्हणजे दुरुस्ती, स्वच्छता, कार्ट्रिज जुळवून देणे, सुई घासली आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगणे. हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1,000 तास चालते, जुन्या यंत्रांतली नीलमण्याची पन्नास तासांच्या आतबाहेर; पण ती बदलायची असते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. या कामासाठी बर्डी किंवा धरमपेठेत मोक्याची जागा लागत नाही. शांत गल्लीतली एक खोली आणि चांगले ध्वनिवर्धक पुरतात. महिन्यातून एखाद्या रविवारी चार लोकांना बोलावून एकेक बाजू पूर्ण ऐकवली तर पुढचा ग्राहक तिथेच तयार होतो, विशेषतः विशी-पंचविशीतले तरुण, जे माझ्याकडे सध्या सर्वाधिक येतात आणि जाहिरातीपेक्षा कानावर विश्वास ठेवतात. माझी खरी चिंता वेगळी आहे. आर्मचे बेअरिंग हाताने जुळवणारे, मोटर उघडून पुन्हा निःशब्द करणारे कारीगर या शहरात बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ते साठी ओलांडलेले आहेत. आपण दुकान काढणार असाल तर भांडवलाआधी त्यांच्यापैकी एखाद्याकडे वर्षभर बसून काम शिका. मला कळते ते मी शिकवायला केव्हाही तयार आहे.

डिजिटल प्रतीचे काम हा त्या दुकानाचा दुसरा आधार होऊ शकतो, पण कायदा समजून घेऊन. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे असतो. गीत आणि चाल यांवरचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. म्हणजे तबकडी 1940 ची असली तरी तिच्यावरील पदाचा कवी किंवा संगीतकार अलीकडे वारला असेल, तर तिचे सार्वजनिक प्रसारण मुक्त होत नाही. घरच्या संग्रहाची जपणूक म्हणून प्रत काढणे आणि ती बाजारात विकणे यांतला फरक ग्राहकाला आधीच समजावून सांगावा. प्रत 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर काढावी, खरखर काढण्याची कोणतीही प्रक्रिया न केलेली एक फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि ऐकण्यासाठी दुसरी करावी. उद्या याहून चांगली साधने येतील तेव्हा ती मूळ फाइल लागेल.

आपल्या संग्रहातली सुरुवात लाखेच्या तबकड्यांपासून करा, कारण त्या फुटतात, आणि त्यातही ज्यांवरचे गाणे शोधूनही इतरत्र सापडत नाही त्यांच्यापासून. हे काम होळीच्या आत हाती घ्यावे. एकदा घरात कुलर सुरू झाला की धुतलेली रेकॉर्ड धूळ न बसता वाळवणे अवघड होते आणि मग पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागते.